दोन मुक्कामांत बोलोन्या : जेवणाच्या वेळा धरून फिरायचं कसं

मुंबई-पुण्याकडून इटलीला गेलेला माणूस रोम बघतो, फ्लॉरेन्स बघतो, व्हेनिसला पाण्यातून फिरतो आणि या सगळ्यात बोलोन्यावरून दोन-तीनदा जातो. बघत मात्र नाही. वेगवान गाड्या तिथे जमिनीखालच्या फलाटांवर थांबतात, त्यामुळे खिडकीतून शहराचं टोकसुद्धा दिसत नाही. जरा वेळ अंधार, दार उघडतं, बंद होतं, गाडी पुढे. मीही पहिल्या खेपेला असंच बोलोन्या ‘केलं’ होतं. दुसऱ्या खेपेला थोरल्या बहिणीला घेऊन मुद्दाम उतरले आणि दोन रात्री राहिले. ताई शाकाहारी, मी समोर येईल ते खाणारी. त्यामुळे पुढे जे सांगते आहे ते दोन्ही ताटांत तपासून झालेलं आहे.

इटालियन लोकांनी या शहराला तीन टोपणनावं दिली आहेत : ला दोत्ता, ला ग्रास्सा, ला रोस्सा. विदुषी, गुबगुबीत आणि लाल. विदुषी विद्यापीठामुळे, त्याची स्थापना १०८८ची मानतात आणि पाश्चात्त्य जगातलं ते सगळ्यात जुनं विद्यापीठ समजलं जातं. लाल विटांमुळे, आणि पुढे डाव्या राजकारणामुळेही. गुबगुबीत का, ते पहिल्या जेवणात कळतं. आणि इथेच नियोजनाची मेख आहे. आपण आधी बघण्याच्या जागांची यादी करतो आणि जेवण ‘मधे कुठेतरी’ उरकू म्हणतो. बोलोन्यात हे उलटं करायचं. आधी जेवणाच्या वेळा लिहायच्या आणि मग उरलेल्या फटींत चर्चं, मनोरे, संग्रहालयं बसवायची.

कधी जायचं, कोणते वार धरायचे

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये हे शहर भट्टीसारखं तापतं, आणि १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तोच्या सणाच्या आसपास चांगली खाणावळवाली मंडळी स्वतःच दुकानाला कुलूप लावून समुद्रावर गेलेली असतात. नोव्हेंबर-डिसेंबरात धुकं आणि गारठा असतो, पण गरम सूपातल्या तोर्तेल्लीनींचा, म्हणजे मांस भरलेल्या चिमुकल्या पास्त्याचा, खरा हंगाम तोच. थंडी सोसत असेल तर अवश्य तेव्हा जा.

वार जास्त महत्त्वाचा. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, आणि अनेक खाणावळी रविवारी रात्री किंवा सोमवारी सुट्टी घेतात. म्हणजे रविवार-सोमवार हा मुक्काम सगळ्यात वाईट. गुरुवारी दुपारी पोचून शनिवारी निघणं उत्तम. शनिवार-रविवारी मधल्या मोठ्या रस्त्यांवर गाड्यांना बंदी असते, त्यामुळे शेवटच्या दिवशी भर रस्त्यातून चालायची चैनही होते. एक गोष्ट आधीच बघून ठेवा : बोलोन्या हे मोठ्या व्यापारी प्रदर्शनांचं गाव आहे. वसंतात भरणारा मुलांच्या पुस्तकांचा जागतिक मेळा किंवा सौंदर्यप्रसाधनांचं प्रदर्शन यांच्या तारखांना हॉटेलांचे दर भलतेच चढतात. तारखा चार दिवस मागेपुढे केल्या तरी फरक पडतो.

व्हिसा आणि पोचणं

यावर फार वेळ घालवत नाही. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो, तेव्हा शेवटच्या दिवसांवर विसंबू नका. प्रवासविमा किमान ३० हजार युरोंचा हवा. सगळ्या सहलीत मिळून ज्या देशात जास्त रात्री काढणार त्या देशाकडे अर्ज करायचा, हेही लक्षात असू द्या.

विमानाने दुबई, इस्तंबूल किंवा फ्रँकफर्टमार्गे थेट बोलोन्याला उतरता येतं. विमानतळाला मार्कोनीचं नाव आहे. बिनतारी संदेशाचा हा माणूस १८७४ मध्ये याच शहरात जन्मला. तिथून मोनोरेल सात-आठ मिनिटांत मुख्य स्टेशनवर आणून सोडते. तिकीट अंतराच्या मानाने महाग आहे, पण बॅगा असतील तर रडू नका. रेल्वेने यायचं तर फ्लॉरेन्सहून वेगवान गाडीने ३५-४० मिनिटं, मिलानहून तासाभराच्या थोडं वर, व्हेनिसहून दीड तास. वेगवान गाड्यांची तिकिटं आधी काढली की स्वस्त पडतात. साध्या प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट मात्र बसण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उठवून घ्यायचा. तिकीट आहे पण शिक्का नाही, म्हणजे दंड.

स्टेशनाबाहेर आल्यावर भिंतीवरच्या एका घड्याळाकडे बघा. ते १० वाजून २५ मिनिटांवर थांबलेलं आहे. २ ऑगस्ट १९८० रोजी सकाळी याच वेळी प्रतीक्षागृहात बॉम्बस्फोट झाला आणि ८५ माणसं गेली. घड्याळ तसंच ठेवलं आहे, आतल्या भिंतीतली चीरही. आमच्या शेजारी उभा असलेला एक माणूस गाडीची वेळ बघायला मान वर करून पुन्हा हातातल्या फोनकडे वळला, इतकं ते रोजचं झालेलं.

राहायला जुन्या शहराच्या आत जागा घ्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला अर्ध्या तासात चालत जाता येतं, त्यामुळे बस-टॅक्सीचं काम उरत नाही. हॉटेलच्या दराशिवाय माणशी, रात्रीमागे थोडा शहर-कर वेगळा घेतात. तो बऱ्याचदा जागेवर मागतात.

शहराचं वेळापत्रक पाठ करा

हा टप्पा टाळलात तर बाकी सगळं वाया. आम्ही टाळला होता. पहिल्या दिवशी सामान टाकून, आंघोळ करून, साडेतीनला जेवायला बाहेर पडलो. एका खाणावळीचं दार उघडं होतं, आत टेबलं मांडलेली होती, पण बाईंनी मान हलवली : स्वयंपाकघर बंद. दुसरीकडे तेच. तिसरीकडे खुर्च्या टेबलांवर उलट्या. ताईने पर्समधून चिवड्याची पुडी काढली आणि आम्ही जगातल्या एका नामांकित खाद्यनगरीत कमानीखाली बसून तो खाल्ला.

तर वेळा अशा : सकाळी बारमध्ये, म्हणजे कॉफीच्या दुकानात, काउंटरपाशी उभ्याने कापुचीनो आणि एखादा गोड पाव. बसून प्यालात तर बिल वाढतं. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच. मग स्वयंपाकघरं बंद. संध्याकाळी सहानंतर अपेरितिवो, म्हणजे एखादं पेय आणि तोंडात टाकायला काहीतरी. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी नाही, आणि शुक्रवार-शनिवारी टेबल आधी राखून ठेवल्याशिवाय नाही. बिलात ‘कोपेर्तो’ नावाने माणशी दोन-तीन युरो दिसतील; ते पाव आणि मांडणीचे, फसवणूक नव्हे. टिप सक्तीची नाही. पाणी विकतच येतं. साधं हवं असेल तर ‘नातुराले’ म्हणायचं, नाहीतर सोडा येतो.

पहिली दुपार : चौक आणि त्याच्या अवतीभवती

जेवून पिआत्सा माज्जोरेत या. शहराचा हा मुख्य चौक. समोर सान पेत्रोनिओचं प्रचंड चर्च आहे आणि त्याचा दर्शनी भाग अर्धाच झालेला आहे : खाली पांढरा-गुलाबी संगमरवर, वर उघड्या, खडबडीत विटा. बांधकाम १३९० मध्ये सुरू झालं. मूळ आराखडा एवढा मोठा होता की रोमच्या सेंट पीटर्सला मागे टाकेल, म्हणून पोपने शेजारची जागा विद्यापीठाच्या इमारतीला देऊन चर्चची वाढच रोखली, असं बोलोन्याचे लोक आवडीने सांगतात. खरं-खोटं पेत्रोनिओ जाणे. ती शेजारची इमारत मात्र आहे, आणि तिकडे आपल्याला जायचंच आहे.

चर्चच्या आत जमिनीवर पितळेची एक लांबच लांब रेघ आहे, जवळजवळ ६७ मीटर. खगोलशास्त्रज्ञ कास्सिनीने १६५५ मध्ये ती आखली. छताजवळ, सुमारे २७ मीटर उंचीवर, एक बारीक भोक आहे. त्यातून सूर्याचा कवडसा आत येतो आणि बरोबर माध्यान्हीला या रेघेवरून जातो. हिवाळ्यात दूर, उन्हाळ्यात जवळ. आपल्याकडे कौलातल्या फुटक्या काचेतून पडणारा कवडसा पोरं हाताने पकडायला बघतात, तीच गंमत, फक्त इथे त्यावर वर्षाची लांबी मोजली. अडचण एवढीच की सूर्य माथ्यावर येतो तो उन्हाळी वेळेप्रमाणे एक ते दीडच्या मधे, म्हणजे ऐन जेवणाच्या वेळी. हिवाळ्यात बारा ते साडेबारा. चर्चही दुपारी मिटतं, तेव्हा दारावरची वेळ आधी वाचा. माझ्या सगळ्या नियोजनाला छेद देणारी ही एकमेव गोष्ट. तरीही सांगते, एक दिवस जेवण अर्धा तास पुढे ढकला आणि तो कवडसा बघा. ढग नसले पाहिजेत, हे ओघाने आलंच.

चौकाला लागून नेपच्यूनचं कारंजं आहे, सोळाव्या शतकातलं, जाम्बोलोन्या या शिल्पकाराचं. त्याच्या हातातला त्रिशूळ ओळखीचा वाटेल. मासेराती ही मोटार कंपनी १९१४ मध्ये याच गावात सुरू झाली आणि तिने चिन्ह इथून उचललं. नगरपालिकेच्या जुन्या वाड्याच्या दारावर पोप तेरावा ग्रेगरी बसलेला आहे. तो मूळचा बोलोन्याचा. आपल्या भिंतीवरचं इंग्रजी कॅलेंडर १५८२ मध्ये सुधारलं ते याने. समोरच्या पोदेस्ताच्या वाड्याखाली चार खांबांवर तोललेला घुमट आहे. एका खांबाकडे तोंड करून कुजबुजलात तर तिरप्या कोपऱ्यातल्या खांबाशी उभ्या माणसाला स्वच्छ ऐकू येतं. आमच्या आधी एक जोडपं होतं. त्यांचं काय बोलणं झालं कोण जाणे, मुलगी लाजत बाहेर आली. ताई तिकडून म्हणाली, “अगं, रात्री मला भात मिळेल का कुठे?”

मग आर्किजिन्नासिओ. १५६३ मध्ये पुरी झालेली ही विद्यापीठाची जुनी इमारत. जिन्यात, भिंतींवर, छतावर विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची हजारो रंगीत मानचिन्हं रंगवलेली आहेत. वर बघत चालताना पायऱ्या चुकतात, जपा. पण यायचं ते वरच्या शरीरशास्त्राच्या दालनासाठी. सतराव्या शतकात इथे प्रेतविच्छेदन दाखवून शिकवत. सगळी खोली लाकडाची, चहूबाजूंनी चढत जाणारी बाकं, मधोमध संगमरवरी टेबल. प्राध्यापकाच्या आसनावरचं छत्र ज्या दोन पुतळ्यांनी उचललं आहे त्यांच्या अंगावर कातडी नाही, नुसते स्नायू. १७३४ मध्ये लाकडात कोरलेले. जानेवारी १९४४च्या बॉम्बहल्ल्यात हे दालन कोसळलं. ढिगाऱ्यातून मिळाले ते लाकडी तुकडे वेचून लोकांनी ते पुन्हा उभं केलं. हे ठाऊक असलं की त्या बाकांकडे जास्त वेळ बघवतं.

इथून दोन पावलांवर क्वाद्रिलातेरो. जुना बाजार. गल्ल्यांची नावं वाचत चला : ओरेफिची म्हणजे सोनार, द्राप्पेरिए म्हणजे कापडवाले, पेस्केरिए वेक्किए म्हणजे जुना मासळीबाजार. पुण्यात तांबट आळी आणि बोहरी आळी असते तसंच. यातल्या मासळीच्या गल्लीत अजूनही मासळी मिळते. दुकानांत छताला हॅम टांगलेले, काउंटरवर अर्ध्या माणसाएवढी मोर्तादेल्ला, म्हणजे डुकराच्या मांसाचं जाडजूड सॉसेज. ती गुलाबी, आत पांढऱ्या चरबीचे चौकोनी ठिपके. खाणाऱ्यांनी पातळ चकत्या काढून घ्या आणि ताज्या पावात भरा. शेजारच्याच बोळात १४६५ पासूनचा एक गुत्ता आहे, ओस्तेरिया देल सोले. तिथे फक्त वाइन मिळते. खाणं बाहेरून आपलं आपण न्यायचं, लांब बाकावर अनोळखी लोकांशेजारी बसायचं आणि कागद उलगडायचा. बाजारातून पुडी घेऊन तिकडे जाणं हा बोलोन्यातला सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात चांगला अपेरितिवो. वाइन घ्यायची तर पिन्योलेत्तो मागा, याच टेकड्यांवरची.

काय मागवायचं

पहिली गोष्ट : ‘स्पगेटी बोलोन्येज’ मागू नका. या शहरात तो पदार्थ नाही. इथला खिम्याचा रस्सा म्हणजे रागू, आणि तो रुंद, सपाट, अंड्यातल्या ताल्यातेल्ले शेवयांवर येतो. रागूची अधिकृत कृती १९८२ मध्ये इथल्या वाणिज्य मंडळात नोंदवलेली आहे : गाईचा खिमा, डुकराची पान्चेत्ता, गाजर, सेलरी, कांदा, वाइन, थोडा टोमॅटो, दूध. लाल नव्हे, तपकिरी दिसतो. लसूण शोधू नका, नसतो. ताल्यातेल्लेची रुंदी तर १९७२ मध्येच ठरली : शिजल्यावर आठ मिलिमीटर, म्हणजे गावातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग. सोन्याची एक पट्टी करून वाणिज्य मंडळात ठेवली आहे. पुरणाच्या पोळीच्या जाडीवरून वाद घालणाऱ्या आपल्या लोकांना हे वेड समजायला जड जाऊ नये.

तोर्तेल्लीनी हा दुसरा दागिना. नखाएवढ्या पारीत डुकराचं मांस, हॅम, मोर्तादेल्ला, पार्मिजानो चीज आणि जायफळ भरायचं, त्रिकोण दुमडायचा, बोटाभोवती गुंडाळून टोकं चिकटवायची. मोदकाच्या कळ्या पाडणारीला युक्ती लगेच कळेल, हात बसायला वर्ष जाईल. हे मांसाच्या पातळ, सोनेरी सूपात खातात. क्रीमच्या सॉसमध्येही मिळतात, पण बोलोन्याच्या आजीसमोर तसे मागवू नका.

बाजारात एका दुकानाच्या काचेआड एक बाई कणीक लाटत होत्या. मैदा आणि अंडी, एवढंच. शंभर ग्रॅमला एक अंडं. पाट लाकडाचा, कारण गुळगुळीत दगडावर पोळी निसटती होते आणि मग तिला रस्सा धरत नाही. लाटणं जवळजवळ हातभर नव्हे, दोन हात लांब. त्या लाटण्याभोवती अर्धी पोळी गुंडाळून तळव्यांनी बाहेर रेटत होत्या, गिरकी देत होत्या, आणि पोळी टेबलाखाली लोंबायला लागली तरी फाटत नव्हती. पलीकडचा हात दिसेल इतकी पातळ. ताई काचेला नाक लावून दहा मिनिटं उभी. “लाटणं बघ केवढं. यावर धुणं वाळत घालता येईल,” म्हणाली, आणि मग हळूच, “पण मनगट आपल्यासारखंच फिरवते हं.”

शाकाहारी असाल तर

उपाशी राहत नाही, पण डोळे उघडे ठेवावे लागतात. फसगतीच्या जागा सांगते. ताज्या पास्त्यात अंडं असतंच. अंडं नको असेल तर सुका पास्ता, म्हणजे स्पगेटी किंवा पेन्ने, टोमॅटोच्या सॉसमध्ये मागायचा. ‘ब्रोदो’ म्हणजे सूप मांसाचंच. क्रेशेंतीने नावाची फुगलेली पुरी दिसायला निरागस असते, पण परंपरेने डुकराच्या चरबीत तळतात. कांदा-टोमॅटोचं फ्रिज्जोने ही अगदी आपल्या वळणाची भाजी, तीतही तीच चरबी पडते. तेव्हा विचारायचा शब्द ‘स्त्रुत्तो’ : “चे स्त्रुत्तो?” म्हणजे यात चरबी आहे का. आणि पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, त्यामुळे कडक शाकाहारींनी तेही वर्ज्य समजावं. “सेन्सा पार्मिजानो” म्हटलं की वर किसत नाहीत.

ताई अंडं खाते, चीजकडे काणाडोळा करते. तिचं सगळ्यात आवडतं ठरलं तोर्तेल्लोनी. शेवटी ‘ओनी’ आहे, ‘ईनी’ नाही. या एका अक्षरावर धर्म टिकतो. हे मोठे असतात आणि आत रिकोत्ता, म्हणजे मऊ पनीरासारखं, भरलेलं असतं. लोणी आणि सेजच्या पानांत परतून येतात. बोलताना बाईने “सोनो वेजेतारियाना” आणि पुरुषाने “सोनो वेजेतारियानो” म्हणायचं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी आणि ऊगो बास्सी रस्त्यावरच्या मेर्कातो देल्ले एर्बे या छपराखालच्या भाजीमंडईतून जिन्नस आणावेत. तिथली भाजी बघून जीव सुखावतो.

दुसरी सकाळ : ६६६ कमानी

बोलोन्यात पाऊस आला तर छत्री उघडायची गरज पडत नाही. पदपथांवर घरांचे वरचे मजले पुढे आलेले आहेत आणि खाली खांबांच्या ओसऱ्या. विद्यापीठामुळे मध्ययुगात गावात माणसं मावेनाशी झाली, लोक रस्त्यावर खोल्या काढू लागले. आपल्याकडे नगरपालिका असल्या खोल्या पाडते. यांनी १२८८ मध्ये कायदा करून ओसरी सक्तीची केली, घोड्यावरचा स्वार खालून जाईल एवढी उंच ठेवण्याची अट घालून. आज सगळ्या मिळून ६२ किलोमीटर भरतात आणि २०२१ पासून त्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. स्त्रादा माज्जोरेवर काझा इझोलानीची तेराव्या शतकातली लाकडी ओसरी आहे, उंच ओक खांबांची. तिच्या छतात अडकलेले तीन बाण शोधत लोक मान मोडून उभे असतात.

सगळ्यात लांब ओसरी सान लूकाच्या टेकडीवर जाते : पोर्ता सारागोत्सा या वेशीपासून सुमारे पावणेचार किलोमीटर, ६६६ कमानी, बांधायला सुरुवात १६७४. सकाळी आठला निघा, वाटेत कॉफी घ्या. अर्धी वाट सपाट आहे. मेलोन्चेल्लोच्या कमानीपासून खरा चढ लागतो, पायऱ्या आणि तिरकी चढण आलटून-पालटून. गुडघे कुरकुरत असतील तर चौकातून छोटी पर्यटक-गाडी वर जाते. आम्ही चढताना चाललो आणि उतरताना बसलो. खांबांवर खर्च देणाऱ्यांची नावं कोरलेली दिसतात, आपल्या देवळांच्या पायऱ्यांवर असतात तशी. वर मेरीचं चित्र आहे. १४३३ मध्ये पावसाने पिकं कुजायला आली तेव्हा ते मिरवत गावात आणलं आणि पाऊस थांबला, अशी श्रद्धा. तेव्हापासून दर वर्षी मे महिन्यात चित्र खाली येतं, आठवडाभर मुक्काम करतं आणि परत जातं. पालखी बघितलेल्याला वेगळं समजावायला नको. वरून एका बाजूला शहर, दुसऱ्या बाजूला टेकड्या. चालायला बूट चांगले घाला. फरशी घासून गुळगुळीत झालेली आहे.

साडेअकरापर्यंत उतरा. म्हणजे साडेबाराला टेबलावर.

दुसरी दुपार

जेवणानंतर दोन मनोरे. आसिनेल्ली ९७ मीटर उंच, शेजारची गारिसेंदा ४८ मीटर आणि बघूनच पोटात गोळा येईल इतकी कललेली. तिची हालचाल वाढल्यामुळे ऑक्टोबर २०२३ पासून भोवतालचा भाग बंद करण्यात आला आणि आसिनेल्लीच्या ४९८ पायऱ्याही. त्यामुळे चढायचं गृहीत धरून बेत करू नका; उंचावरून बघायचंच असेल तर नगरपालिकेच्या वाड्याचा घड्याळाचा मनोरा आहे.

तिथून सान्तो स्तेफानोला चालत जा. एकात एक गुंतलेल्या चर्चांचा हा समूह, नाव ‘सात चर्चं’. मधल्या अंगणात आवाज आपोआप खाली येतो. बाहेरचा त्रिकोणी चौक मला पिआत्सा माज्जोरेपेक्षा आवडतो. ओसरीच्या कट्ट्यावर बसून जेलातो, म्हणजे इथलं आइस्क्रीम, खायला यापेक्षा बरी जागा नाही. जेलातो निवडताना डोंगरासारखा रचलेला, भडक रंगाचा टाळा. झाकणाच्या डब्यांत ठेवलेला बहुधा चांगला असतो. पिस्त्याचा मळकट हिरवा असेल तर बिनधास्त घ्या. वेळ उरला तर सान दोमेनिको चर्चमध्ये मायकेलअँजेलोने विशीच्या सुमारास घडवलेला एक छोटा देवदूत आहे, हातात मेणबत्तीदान धरलेला. व्हिया पिएल्लातल्या भिंतीतली खिडकी उघडली की मागे कालवा दिसतो. फोटोपुरती गंमत, दुरुस्ती चालू असली की पाणीही नसतं.

निघताना

सकाळी क्वाद्रिलातेरोत पुन्हा एक फेरी मारा. पार्मिजानो किती महिने मुरलेलं ते विचारा. किमान १२, पण २४ किंवा ३० महिन्यांचं घ्या आणि ‘सोत्तोवुओतो’ म्हणा, म्हणजे हवा काढून बंद करून देतात. मांसाचे पदार्थ भारतात आणण्याच्या भानगडीत पडू नका, ते तिथेच खा. मोदेनाचं बाल्सामिक व्हिनेगर मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. वेगवान गाडी असेल तर स्टेशनवर २० मिनिटं हाताशी ठेवा, कारण खालच्या फलाटांपर्यंत सरकते जिनेच जिने आहेत.

लाटणं घ्यायचं असेल तर आधी बॅग मोजा. ताईने दुकानातलं सगळ्यात मोठं नको म्हणत ८० सेंटीमीटरचं घेतलं, आणि बॅग निघाली ७० सेंटीमीटरची. खोलीत अर्धा तास खटपट चालली होती. तिरकं ठेवलं की बसतं. कोपऱ्यांत मोजे कोंबा, म्हणजे खडखडत नाही.